पिल्लाच्या पोटाला अजून बलक होता

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात शेवटच्या पानावर चार रकान्यांचा एक रंगीत फोटो आला होता. परदेशातल्या कुठल्याशा किनाऱ्यावर गळाला लागलेला पाकट मासा वाळूत उताणा पडला आहे, शेजारी एक माणूस गुडघे टेकून बसला आहे आणि त्याच्या ओंजळीत दोन इवली पिल्लं आहेत. माणूस हसतो आहे. मथळा होता, ‘मच्छीमार झाला सुईण!’ खाली पाच ओळी. मासा बाहेर काढताच त्याला कळा सुरू झाल्या, या भल्या गृहस्थाने पोटावर हलका दाब देऊन त्याची सुटका केली, आई आणि बाळं सुखरूप पाण्यात गेली, निसर्गाचा चमत्कार, वगैरे.

मी एकतीस वर्षं लेबर रूममध्ये परिचारिका होते. सुईण हा शब्द दिसला की माझा हात भिंगाकडे जातो. (बारीक अक्षर आता त्याच्याशिवाय वाचताही येत नाही.) ते भिंग फोटोवर धरलं तर ओंजळीतल्या डाव्या पिल्लाच्या पोटाशी एक पिवळी गोळी दिसली. काचेच्या गोटीएवढी, बारीकशा देठाने लटकलेली. छपाईतला डाग असेल म्हणून पान खिडकीपाशी उजेडात नेलं. डाग नव्हता. दुसऱ्या पिल्लालाही ती होती, अर्धी त्या माणसाच्या अंगठ्याखाली गेलेली.

ती गोळी म्हणजे बलक. अंड्यात असतो तसाच. पाकटाचं पिल्लू दिवस भरून जन्मतं तेव्हा हा बलक संपलेला असतो, त्याची पिशवी आत ओढली गेलेली असते, पोट बंद झालेलं असतं. बलक बाहेर लोंबतो आहे म्हणजे दिवस भरलेले नाहीत. आपण प्रसूती म्हणून जे छापलंत तो गर्भपात होता, आणि तो मासा पकडल्यामुळे झाला होता. मला सांगायचं आहे ते एवढंच. पण एवढंच लिहिलं तर कुणा आजीबाईंना फोटो आवडला नाही असं वाटून पत्र बाजूला पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फोटो सकाळी सातलाच येऊन पडला होता. धाकट्या दिरांनी ‘आईची माया’ असं लिहून वर हात जोडले होते. मी खाली लिहिलं, “भाऊजी, ही अपुऱ्या दिवसांची आहेत.” उत्तर आलं, “वहिनी, तुम्हाला जिकडेतिकडे लेबर रूमच दिसते.” मग आपल्या कार्यालयात फोन केला. तिथल्या तरुणाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं हे कबूल करते. शेवटी म्हणाला, “पण मॅडम, पिल्लं तर जिवंत दिसताहेत ना?”

दिसतात. अठ्ठावीस आठवड्यांचं बाळही जन्मतं तेव्हा जिवंतच दिसतं. हलतं, तोंड उघडतं, हातात बोट दिलं तर धरतं. पण आमच्याकडे त्याच्यासाठी काचेची पेटी होती, ऑक्सिजन होता, नाकातून घालायची नळी होती आणि रात्रभर उशाशी बसायला माणूस होतं. त्या पिल्लांना त्या माणसाने लाटेत सोडलं असेल आणि ती चार हात पोहलीही असतील. फोटो तेवढ्याचाच निघतो.

आता, लेबर रूममधल्या बाईला माशांचं काय कळतं, हा प्रश्न रास्त आहे. मासे मला मुलीमुळे कळले. ती समुद्री माशांवर काम करते. मी निवृत्त झाले त्या वर्षी तिने एकदा मला प्रयोगशाळेत नेलं, माझा वेळ जावा म्हणून. टेबलावर पाकटाची एक मादी होती, जाळ्यातच मेलेली, बर्फातून काढलेली, परातीएवढी. वरून वाळूच्या रंगाची, खालून पांढरीफटक. आधी तिने मला नर-मादी ओळखायला शिकवलं. नराला शेपटीच्या मुळाशी, दोन मागच्या परांना लागून, दोन लांबट दांडे असतात. त्यांना आलिंगक म्हणतात. मीलनाच्या वेळी त्यांतला एक मादीच्या आत जातो आणि फलन आतच होतं. मादीला ते नसतात. हे इतकं सोपं आहे की उताणा मासा लांबूनही ओळखता येतो. (आपल्या मजकुरात ‘त्याला कळा सुरू झाल्या’ असं आहे. शब्द पुल्लिंगी असला तरी फोटोतला मासा ढळढळीत मादी आहे.)

मग मुलीने पोट उघडलं. आपल्यासारख्या फासळ्या नाहीतच. सगळा सांगाडा कूर्चेचा आणि पोटावर नुसती कातडी नि स्नायू, त्यामुळे कात्री सरसर गेली. गर्भाशय फुगलेलं होतं. ते चिरल्यावर आत जे दिसलं ते मी आजवर विसरलेले नाही. आतलं अस्तर गुळगुळीत असेल अशी माझी समजूत होती. ते नवीन टर्किश टॉवेलसारखं होतं, लालभडक, बोटभर जागेत शेकडो मऊ धागे उभे. आणि त्या धाग्यांमधून दाट, पिवळट पांढरा द्रव पाझरत होता. मी हातमोज्याच्या दोन बोटांत घेऊन चोळून पाहिला. पहिलटकरणीच्या छातीला पहिल्या दिवशी येतो तो चीक मी हजारो वेळा हाताळला आहे. हा तसाच लागला.

आत दोन पिल्लं होती. दोघांनी आपापले पंख सुरळी करून अंगाभोवती घेतलेले. मुलीने एकाची सुरळी उलगडली तेव्हा आईचीच छोटी आवृत्ती बाहेर आली, डोळ्यांमागची भोकं, लांब शेपूट, सगळं जागच्या जागी. शेपटीवर काटाही होता. मी दचकून हात मागे घेतला तर मुलगी म्हणाली, “लाव हात, काही होत नाही.” काटा मऊ होता आणि त्यावर कातडीची पातळ टोपी होती. आईला आतून टोचू नये, बाहेर येताना फाडू नये म्हणून ही सोय. मी नाळ शोधत होते, सवयीने. सापडेना. “नाळ कुठे गं?” “आई, नाळ नाही. वारही नाही.”

इथे माझं एकतीस वर्षांचं ज्ञान संपलं आणि मी स्टूल ओढून बसले.

पाकट, शार्क ही मंडळी कूर्चामीन. सुरमई-बांगड्यासारखी लाखो अंडी पाण्यात सोडून मोकळं होणं यांच्या रीतीत नाही. पाकटांच्या नातलगांपैकी स्केट तेवढे कवचातली अंडी घालतात, बाकी सगळे पिल्लांना जन्म देतात. काही शार्कना वारेसारखी रचना असते, पाकटांत ती कुणालाच नाही. सुरुवातीला गर्भ आपल्यापाशी असलेल्या बलकावर जगतो. तो बलक थोडा असतो. तो उतरणीला लागला की गर्भाशयाच्या त्या लाल धाग्यांतून दूध सुटायला लागतं आणि गर्भ ते पिऊन वाढतो. होय, दूधच म्हणतात त्याला, गर्भाशयी दूध. चरबी आणि प्रथिनं भरपूर. नुसत्या बलकावर वाढणाऱ्या गर्भाचा कोरडा ऐवज, म्हणजे अंगातलं पाणी वगळून उरणारं वजन, जन्मापर्यंत थोडा कमीच होतो, कारण जगायलाच काही खर्च होतो. पाकटाचं पिल्लू मात्र मूळ अंड्यातल्या ऐवजाच्या कित्येक पटींनी भरून बाहेर येतं. तो सगळा वाढीव ऐवज आईच्या अंगातला.

या धाग्यांना नाव दिलं ते आपल्याकडे काम करणाऱ्या दोघांनी, हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले जेम्स वुड-मेसन आणि ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सागरी सर्वेक्षणाच्या जहाजावरचे डॉक्टर आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९१ साली फुलपाखरू पाकटाच्या गर्भाशयाचं वर्णन लिहिलं आणि त्या धाग्यांना ट्रोफोनिमाटा म्हटलं. ग्रीक शब्द आहे, अर्थ ‘पोषणाचे धागे’. फुलपाखरू पाकटात तर हे धागे पिल्लाच्या डोळ्यांमागच्या भोकांतून आत शिरतात आणि घशापर्यंत पोचतात. पिल्लाने तोंड हलवायचीही गरज नाही, आई थेट घशात दूध सोडते. आम्ही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नाकातून नळी घालून दूध देत असू. अल्कॉक स्वतः डॉक्टर. त्यांना पाहताक्षणी काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात बरेच दिवस घोळत होता.

मग श्वासाचं काय? नाळ नाही तर ऑक्सिजन कुठून? याचं उत्तर मंटा या अजस्र पाकटाने दिलं. जपानमध्ये ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात २००७ साली मंटाने ३७४ दिवसांनी एक पिल्लू दिलं. पुढे तिथल्याच गाभण मादीची पाण्यातच सोनोग्राफी केली तेव्हा पडद्यावर आतलं पिल्लू तोंडाची उघडझाप करताना दिसलं. गर्भाशयातला द्रव ते तोंडाने आत घेऊन कल्ल्यांवरून फिरवत होतं. जन्मायच्या आधीच माशासारखा श्वास. हे काम २०१२ साली प्रसिद्ध झालं. मुलीने मला ती चित्रफीत दाखवली तेव्हा मी ती तीनदा लावायला लावली. पोटातल्या बाळाचं हलणं सोनोग्राफीच्या पडद्यावर मी जन्मभर पाहत आले, पण हे पाहून अंगावर काटा आला.

हे सगळं एवढ्या लांबणीने सांगण्याचं कारण असं की अशा पिल्लाला मुदतीआधी बाहेर काढणं म्हणजे त्याचं दूध आणि त्याची हवा दोन्ही एका क्षणात तोडणं. बलक बाहेर लोंबणाऱ्या पिल्लाचे पंख अजून नीट भरलेले नसतात. त्याला वाळूत स्वतःला पुरून घेता येत नाही, शिकार येत नाही, आणि ती पिवळी गोळी कुठल्याही लहानसहान माशाला दुरून दिसते.

आणि मुदत तरी केवढी, ते जातीवर आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावर अटलांटिक स्टिंगरे नावाचा एक लहान पाकट आहे, त्याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. उथळ खाड्यांत राहतो, नदीच्या गोड्या पाण्यातही जातो. फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत तर त्याची पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यातच नांदणारी वस्ती आहे. त्याचा मीलनाचा हंगाम ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, सात महिने. या काळात नराचे दातही बदलतात! एरवी नर-मादी दोघांचे दात बोथट, फरशीसारखे. हंगाम आला की नराला टोकदार, मागे वळलेले दात येतात, कारण मादीचा पंख दातांत धरल्याशिवाय त्याला तिच्याजवळ टिकता येत नाही. हंगाम सरला की पुन्हा बोथट. सात महिने ती बिचारी चावे सोसते आणि बीज मात्र सुटतं हंगामाच्या शेवटी, वसंतात. तिथून चार महिने गर्भार. जुलैअखेर नाहीतर ऑगस्टमध्ये पिल्लं, एकापासून चारपर्यंत. वर्षातून एकदाच. म्हणजे सगळी कमाई फार तर चार पिल्लांची, तीही वर्षाची.

त्याचाच एक चुलत भाऊ आहे, बोथट नाकाचा पाकट. त्याच्या मादीला दिवस जातात आणि दिवस थांबतात. फलन झालेली अंडी गर्भाशयात जवळजवळ दहा महिने नुसती पडून राहतात, वाढतच नाहीत. मग शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत गर्भाची सगळी वाढ भराभर होते. आमच्याकडे एखादीने पाळीच्या तारखेचा घोळ घातला की आम्ही तिला रागावत असू. या बाईचं केसपेपर कोण कसं भरणार, असं मी मुलीला म्हणाले होते. गंमत बाजूला ठेवली तर याचा अर्थ असा की ही मादी वर्षाच्या बहुतेक दिवसांत गर्भार असते आणि वरून बघून ते कळत नाही. ज्याच्या गळाला लागली त्याला तर नाहीच नाही.

आता पकडण्याबद्दल. पाण्यात माशाचं अंग तोललेलं असतं. बाहेर काढलं की स्वतःचं सगळं वजन त्या बिनफासळीच्या पोटावर येतं. गळाशी झुंज, जाळ्यात वर पडलेला बाकीच्या माशांचा ढीग, उघड्यावरची घुसमट, कुणीतरी शेपटीने उचलणं, उताणं टाकणं, हे सगळं वर. यात गर्भार मादी पिल्लं टाकते. हे क्वचित घडतं असं मला आधी वाटायचं. ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली जगभरातल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा पिल्लं देणाऱ्या शार्क-पाकटांच्या ८८ जातींत असं पिल्लं टाकणं नोंदलेलं आढळलं. पकडलेल्या गर्भार माद्यांपैकी सरासरी २४ टक्के माद्यांनी पिल्लं टाकली होती, काही जातींत तर ८५ टक्क्यांपर्यंत. बघणारे याला सर्रास जन्म समजतात, हेही त्यांनी लिहिलं आहे. म्हणजे आपलं वर्तमानपत्र यात एकटं नाही, एवढं समाधान करून घ्यावं.

बरं, जिने पिल्लं टाकली नाहीत ती तरी सुटली का? त्याच देशात फिडलर रे नावाच्या किनारी पाकटावर २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गर्भार माद्यांना जाळ्याचा अनुभव दिला, आठ तास जाळ्यात आणि मग अर्धा तास हवेत, नंतर टाकीत नीट सांभाळलं. माद्या जगल्या. पण त्यांचं वजन उतरलं, आणि पुढे त्यांना जी पिल्लं झाली ती न छळलेल्या माद्यांच्या पिल्लांपेक्षा लांबीला आणि वजनाला कमी भरली. रक्तातही ताणाच्या खुणा होत्या. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडच्या कमी वजनाच्या बाळांची नोंदवही आठवली. कारणांचा रकाना आम्ही बहुतेक वेळा मोकळा सोडत असू.

तेव्हा ‘आई सुखरूप पाण्यात गेली’ हे वाक्यसुद्धा आपण फार लवकर लिहिलंत. त्या माणसावर माझा राग नाही. तो मदतच करायला गेला. पण त्याने पोट दाबलं. लेबर रूममध्ये कुणी नवखं पोट दाबायला पुढे झालं की मोठ्या सिस्टर मनगटच धरायच्या. तिथे मनगट धरायला कुणी नव्हतं, आणि आपण वर त्याला शाबासकी दिलीत. आता फोटो पाहिलेला प्रत्येक जण पाकट गळाला लागला की पोट दाबून बघणार.

जिथे गळाने मासे धरून परत सोडतात तिथल्या लोकांना काय करायचं ते खरं तर सोपं आहे. शक्य तर मासा पाण्यातच ठेवून गळ सोडवावा. सुटत नसेल तर दोरा गळापाशी कापावा. शेपटीने किंवा डोळ्यांमागच्या भोकांत बोटं घालून उचलू नये, उताणं करू नये, फोटोसाठी तर नकोच. पिल्लं बाहेर यायला लागली तर ओढू नयेत, दाबू नये, मादी लगेच पाण्यात सोडावी. दिवस भरत आले असतील, बलक संपला असेल, तर बाहेर आलेली पिल्लं जगतीलही, त्यांनाही अलगद पाण्यात ठेवावं. आणि मादीच्या शेपटीवरचा काटा तिच्या पिल्लांच्या काट्यासारखा टोपी घातलेला नसतो, हे मदत करणाऱ्याने विसरू नये.

जाता जाता आणखी एक. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका लहान मत्स्यालयातली शार्लट नावाची पाकट मादी जगभर गाजली होती, ती बातमी आपल्याकडेही आली होती. टाकीत नर पाकट नसताना तिला दिवस गेले, आणि टाकीतल्या शार्कपासून गेले असतील, असं त्यात रंगवून लिहिलं होतं. शार्क आणि पाकट यांचा असा संकर होत नाही, माणूस आणि कासवाचा होत नाही तसाच. नराशिवाय गर्भ राहणं या कुळात खरोखर घडतं. फ्लोरिडात करवत माशाची अशी बिनबापाची पिल्लं चक्क मोकळ्या पाण्यात सापडली होती, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. त्यामुळे शार्लटच्या बाबतीत तज्ज्ञ तेच सुचवत होते. पुढे मे महिन्याच्या शेवटी जाहीर झालं की तिला प्रजननसंस्थेचा आजार आहे. महिन्याभराने ती गेली. पिल्लू एकही झालं नाही. शार्कची बातमी मी आपल्याच अंकात वाचली होती, आजाराची मला मुलीने सांगितली. मधल्या काळात एखादा अंक माझ्याकडून चुकला असेल तर क्षमा असावी, पण रद्दी मी महिना-महिना देत नाही.

दुरुस्ती छापावी अशी विनंती आहे, आणि पहिल्या पानाखाली दोन ओळींची नको. जिथे फोटो आला होता त्याच शेवटच्या पानावर, रविवारीच. मजकूर मी लिहून पाठवते आहे, लागेल तसा आखडता घ्यावा: ‘गेल्या रविवारी या जागी छापलेल्या छायाचित्रातली पाकटाची पिल्लं जन्मलेली नसून, मादीला पकडल्यामुळे अपुऱ्या दिवसांत बाहेर पडलेली आहेत. त्यांच्या पोटाशी दिसणारी पिवळी पिशवी बलकाची आहे. पकडलेल्या मादीचं पोट दाबू नये.’

फोटो पुन्हा छापू नये. छापावाच लागला तर त्या माणसाचा चेहरा कापून पिल्लं मोठी करावीत, म्हणजे गोळी भिंगाशिवाय दिसेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका